जळालेल्या नऊ मोटारी



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एक अट घातली. ते म्हणाले, "भाऊ, दर वेळी तुम्ही पगार, बोनस आणि लेव्ही यांवरच बोलता. यंदा लोकांना काही निराळे ऐकवा." अट रास्त होती. आम्ही म्हणालो, "ठीक आहे, यंदा आम्ही एका मोटारीवर बोलतो." चिटणीस हसले. आम्ही आजही सायकलवरून युनियनच्या कचेरीत जातो हे त्यांना ठाऊक आहे. पण आम्ही विषय बदलला नाही. तो कसा सुचला ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी अंजूरफाट्यावर चहाच्या टपरीशी आम्ही उभे होतो. गोदामात माल चढवणारा एक तरुण जवळ आला. आपल्या फोनवर एका हिरव्या, बुटक्या, गोल अंगाच्या मोटारीचे चित्र त्याने आम्हांस दाखवले आणि विचारले, "काका, हिची किंमत दहा लाख पौंडांच्या वर. हिच्यात सोनं घातलंय का?" आम्ही चित्र पाहिले, किंमत ऐकली आणि म्हणालो, "सोने नसेल बाबा, पण काय आहे ते शोधून सांगतो." आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मंडपात. त्यामुळे एखादी गोष्ट कळली नाही की ती शोधल्याशिवाय चैन पडत नाही, ही खोड आम्हांस लागलेली आहे. आज जे सांगणार आहोत ते त्या पोराला द्यायचे उत्तर आहे. ते आपणा सर्वांसमोर देतो, कारण त्यात आपलाही हिशेब आहे.

त्या मोटारीचे नाव जग्वार एक्स-के-एस-एस. हल्ली अशा मोटारींना सुपरकार म्हणतात. १९५७ साली हा शब्द कोणाच्या तोंडी फारसा नव्हता. तेव्हा तिची ओळख साधी होती: शर्यतीची मोटार, रस्त्यावर चालवण्याजोगी केलेली.

जग्वार कंपनीचा आरंभ मोठा नव्हता. १९२२ साली इंग्लंडातील ब्लॅकपूल गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्मस्ले या दोघांनी मोटारसायकलला जोडायच्या बाजूगाड्या बनवण्याचे दुकान काढले. १९२८ साली हा धंदा कॉव्हेन्ट्री या कारखान्यांच्या शहरात गेला, आणि १९५१ पासून तेथल्या ब्राउन्स लेन या रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात त्यांच्या मोटारी तयार होऊ लागल्या. लायन्स हा काटकसरी माणूस होता. मोटार देखणी हवी, वेगवान हवी आणि दुसऱ्यांपेक्षा स्वस्तही हवी, असा त्याचा हिशेब असे.

आता शर्यतीचे ऐका. फ्रान्समध्ये ल मां नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी मोटारींची चोवीस तासांची शर्यत होते. दिवसा आणि रात्री, उन्हात आणि पावसात, पाळीपाळीने चालक बदलत मोटार पळवायची आणि चोवीस तासांत सर्वांत जास्त अंतर जी तोडील ती जिंकली. आपल्याकडे बैलगाड्यांची शर्यत काही क्षणांत आटोपते. ही तशी नव्हे. येथे वेगाबरोबर दम लागतो, आणि वेग आवरण्याची ताकदही लागते. १९५३ साली जग्वारने ही शर्यत जिंकली ती मुख्यतः ब्रेकच्या जोरावर. तोवर मोटारींना बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असत. पुन्हापुन्हा दाबले की ते आतल्या आत तापत आणि ऐन वेळी पकड सोडत. जग्वारने डनलप कंपनीच्या मदतीने उघड्या तबकडीचे ब्रेक बसवले. तबकडीला वारा लागतो, ती लवकर निवते आणि पकड टिकते. आज आपल्या गावातल्या पोरांच्या मोटारसायकलींना पुढच्या चाकाशी जी भोके पाडलेली पोलादी तबकडी दिसते, ती याच जातीची. शर्यती या श्रीमंतांच्या खेळातून गरिबाच्या हाती काही आलेच नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी, १९५४ साली, त्यांनी शर्यतीसाठी डी-टाइप ही नवी मोटार उतरवली. तिचा आकार माल्कम सेयर नावाच्या इंजिनिअरने ठरवला. तो आधी विमानाच्या कारखान्यात काम करीत असे, आणि हवा अंगावरून कशी वाहते याचे गणित त्याला येत होते. चालकाच्या डोक्यामागे माशाच्या परासारखा उभा पंखा, आणि मधला भाग विमानाच्या अंगासारखा, पत्र्यांनाच रिबिटांनी जोडून मजबूत केलेला. ही मोटार ताशी २७० किलोमीटरच्या पुढे पळे. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे ल मांची शर्यत डी-टाइपने जिंकली.

या विजयांना एक काळी किनार आहे, ती झाकणे बरे नाही. ११ जून १९५५ रोजी त्याच शर्यतीत एक मर्सिडीज मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांत उडाली. तिचा चालक आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. शर्यत मात्र थांबवली नाही. मर्सिडीजने रात्रीत आपल्या उरलेल्या मोटारी काढून घेतल्या. जग्वार पळत राहिली आणि जिंकली. त्या दिवशी चालू राहण्याची कारणे तेव्हाही सांगितली गेली. कामावर माणूस मेला आणि तरी पाळी बंद पडली नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा कारणांची ओळख आहे.

१९५६ च्या हंगामानंतर कंपनीने स्वतः शर्यतीत उतरणे बंद केले. तेव्हा ब्राउन्स लेनच्या कारखान्यात २५ डी-टाइप मोटारी न विकलेल्या, अर्धवट तयार अशा पडून होत्या. शर्यतीची मोटार घेणारा गिऱ्हाईक मोजका. आता या पंचविसांचे करायचे काय? लायन्सने ठरवले की त्यांना रस्त्यावर चालण्याजोगे करायचे आणि अमेरिकेतल्या हौशी धनिकांना विकायचे. म्हणजे काय केले? डोक्यामागचा पंखा काढला. चालक आणि शेजारची जागा यांच्यामधला आडोसा काढला. शेजारी बसणाऱ्यासाठी एक दार केले. पुढे रुंद काच लावली, वर घडीचे कापडी छप्पर दिले, पुढेमागे ठोकर लागू नये म्हणून पातळ पट्ट्या लावल्या, आणि आत जागा नव्हती म्हणून सामान बांधायला पाठीवर एक जाळी बसवली. शर्यतीच्या बैलाला घुंगरू आणि झूल घालून पाहुण्यांच्या गाडीला जुंपावे, तसाच हा प्रकार. आत बैल तोच: ३.४ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, २६२ अश्वशक्तीचे. १९५७ च्या जानेवारीत ही मोटार जाहीर झाली.

आणि १२ फेब्रुवारी १९५७ च्या संध्याकाळी कारखान्याला आग लागली.

कारखान्याचा मोठा भाग गेला. शेकडो मोटारी जळाल्या. त्या पंचविसांपैकी नऊ मोटारी राख झाल्या. त्या घडवण्याची साधनेही त्या आगीत गेली. उरल्या सोळा. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. एक स्टीव्ह मॅक्वीन या नटाने घेतली आणि ती फार प्रसिद्ध झाली. कारखान्याचे म्हणाल, तर कामगार ढिगारे उपसायला लागले, शेजारपाजारच्या कारखानदारांनी मदत केली आणि थोड्याच दिवसांत मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ल मांच्या शर्यतीत डी-टाइप मोटारी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आल्या. त्या कंपनीच्या नव्हत्या, खाजगी चमूंच्या होत्या. घर जळाले होते, पण लेकरे बाहेर पराक्रम गाजवीत होती. मात्र जळालेल्या नऊ मोटारी पुन्हा केल्या गेल्या नाहीत.

आता आपण म्हणाल, नऊ मोटारी जळाल्या, विषय संपला. येथेच खरा विषय सुरू होतो. त्या पंचवीस मोटारींची कारखान्यात एक नोंदवही होती. कोणत्या मोटारीच्या सांगाड्याला कोणता क्रमांक, हे तीत लिहिलेले असे. लोखंड जळाले, पण नोंद राहिली. कारखान्याचे मालक बदलले. १९६८ साली तो ब्रिटिश लेलँड या मोठ्या समूहात गेला, १९८४ साली पुन्हा स्वतंत्र झाला, १९८९ च्या अखेरीस अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने तो घेण्याचे ठरवले. २००५ साली ब्राउन्स लेनला मोटारी जुळवणे बंद झाले; पुढे तो कारखानाच पाडला गेला. आणि २ जून २००८ रोजी आपल्या मुंबईच्या टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरांना विकत घेतल्या. ज्या साम्राज्याच्या काळात आपला कापूस तिकडे जाई आणि कापड इकडे येई, त्या देशाचा हा मानाचा मोटार कारखाना फोर्टातल्या बॉम्बे हाउसच्या मालकीचा झाला. येथून निघून दोन-अडीच तासांत त्या इमारतीच्या दाराशी आपण पोचू शकतो.

तर टाटांच्या मालकीच्या या कंपनीने २०१६ साली जाहीर केले की १९५७ साली जळालेल्या नऊ मोटारींच्या जागी नऊ नव्या मोटारी आम्ही बनवणार. आणि त्यांना क्रमांक कोणते दिले? एकोणसाठ वर्षांपूर्वीच्या त्याच नोंदवहीतले.

त्या कशा बनवल्या ते लक्ष देऊन ऐका. ज्या लाकडी ठोकळ्यावर पत्रा बसवून अंगाचा आकार तपासत, तो जुना साचा उरलाच नव्हता. क्रमांक राहिला, साचा गेला. म्हणून १९५७ च्या शिल्लक मोटारी शोधून त्यांची बारीक मापे घेतली, जुने नकाशे काढले आणि नवा साचा केला. त्यावर पत्रा बसवला तो यंत्राने ठोकून नव्हे. दोन चाकांच्या मधून पत्रा हाताने पुढेमागे सरकवीत त्याला हळूहळू फुगवटा द्यायचा, ही जुन्या पत्रेवाल्या कारागिराची रीत. पुढचा सांगाडा नळ्यांचा. त्या नळ्या रेनॉल्ड्स या कंपनीने केल्या. चांगल्या सायकलींच्या नळ्यांसाठी तिचे नाव जुने आहे, हे सांगताना आम्हां सायकलवाल्यांस थोडा अभिमान वाटतो. नळ्यांचे सांधे पूर्वीसारखेच कांस्याने जोडले. एका मोटारीत दोन हजारांहून अधिक रिबिटे. इंजिनाचे ठोकळे नव्याने ओतले. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एकेका मोटारीला माणसांचे दहा हजार तास लागले. किंमत, दहा लाख पौंडांहून अधिक. त्या वेळच्या दराने आठ कोटी रुपयांच्या वर.

त्या पोराला आता उत्तर देता येते. त्या मोटारीत सोने नाही. त्या मोटारीत तास आहेत.

आम्ही युनियनवाले, आकडा दिसला की कागद-पेन्सिल काढतो. दहा हजार तास म्हणजे आठ तासांचे साडेबाराशे दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर एका माणसाची चार वर्षे आणि दोन महिने. एका मोटारीत एवढे. नऊ मोटारींचे मिळून नव्वद हजार तास, म्हणजे साडेसदतीस वर्षे. विसाव्या वर्षी कामाला लागलेला माणूस साडेसत्तावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेवढी एका कामगाराची सबंध नोकरी त्या नऊ मोटारींत भरलेली आहे. आता दुसरा भागाकार. दहा लाख पौंडांना दहा हजार तासांनी भागा. तासाला शंभर पौंड येतात. ते सारे कामगाराच्या खिशात गेले असे आम्ही म्हणत नाही. धातू आहे, इंजिन आहे, जागा आहे, व्यवस्थापन आहे, नफा आहे. पण गिऱ्हाईकाने जे मोजले ते मुख्यतः कशासाठी? मोटारीपेक्षा चांगले ब्रेक आज कोणत्याही साध्या मोटारीला असतात. पाऊस आला तर हिच्यात माणूस भिजतो. धनिकाने पैसे मोजले ते 'हे हातांनी केले आहे आणि अशा नऊच आहेत' या दोन वाक्यांसाठी.

आमच्या काही मित्रांना याचा राग येतो. जगात माणसे उपाशी असताना एका खेळण्याला आठ कोटी, हा कोणता न्याय, असे ते विचारतात. राग खोटा नाही. पण आम्ही तो थोडा बाजूला ठेवतो, कारण या मोटारीने आमच्या हाती एक दस्तऐवज दिला आहे. तीस-चाळीस वर्षे आम्ही मालकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकत आलो: हाताच्या कामाला आता किंमत राहिली नाही. येथे तर उद्योगातली मोठ्यांतली मोठी मंडळी स्वतः लिहून देत आहेत की हाताचे काम आहे म्हणूनच किंमत आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या हाताचे?

येथे आम्ही आपल्या रस्त्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका गोदामाला रात्री आग लागली. गोदामाचे आणि मालकाचे नाव आम्ही घेत नाही, त्याची येथे गरज नाही. आपल्याकडे गाळ्यांना आगी लागतात, आणि धूर दिसला की आपण कोणत्या बाजूचा आहे एवढे पाहून कामाला लागतो. त्या रात्री माणूस दगावला नाही, ही देवाची कृपा. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा विम्याचा माणूस आधीच आला होता. त्याच्या हाती छापील यादी होती. कोणत्या रांगेत कोणत्या खोक्यात काय होते, किती नग होते, प्रत्येकाची किंमत काय, सारे काही. जळालेल्या एकेका खोक्याला क्रमांक होता. आम्ही म्हणालो, "छान. आता येथे काम करणाऱ्या माणसांची यादी द्या." गोदामवाल्याने ठेकेदाराकडे बोट दाखवले. ठेकेदाराचा फोन बंद. शेवटी मुकादमाच्या खिशातून एक जुनी डायरी निघाली. तीत पेन्सिलीने बावीस नावे होती, आणि तीही कशी? 'मोठा बिहारी', 'चष्मेवाला', 'शहापूरचे दोघे', 'नवीन पोरगा'.

बंधुभगिनींनो, त्या डायरीचे पान आम्ही अजून जपून ठेवले आहे. त्या बावीस जणांची त्या महिन्याची अठरा दिवसांची मजुरी थकलेली होती. ते तेथे काम करीत होते हे सिद्ध करायला आम्हांस सात महिने लागले. चष्मेवाला कोण, हे ठरवायला चहावाल्याची साक्ष काढावी लागली, कारण त्याच्या उधारीच्या वहीत त्याचे खरे नाव होते. बावीसांपैकी तेरांना पैसे मिळाले. बाकीचे नऊ तोवर कोठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हते. नाव नसलेल्या माणसाला पत्र कोणत्या पत्त्यावर धाडणार?

तेरा गेले, नऊ उरले. त्या पोराने पुढे जेव्हा आम्हांस नऊ जळालेल्या मोटारींची गोष्ट शोधायला लावली, तेव्हा या आकड्यापाशी आम्ही थबकलो. तिकडे नऊ मोटारी जळाल्या. त्यांचे क्रमांक वहीत होते, म्हणून एकोणसाठ वर्षांनी त्या परत आल्या. इकडे नऊ जिवंत माणसे सात महिन्यांत हरवली, कारण वही नव्हती.

वही म्हणजे काय चीज आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको. मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला मालक नाही, हजेरी नाही, फंड नाही, अशी स्थिती होती. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याचे मर्म दोन शब्दांत सांगता येते: नाव नोंदवा. मंडळाच्या वहीत कामगाराचे नाव आले, टोळीचे नाव आले, मालकाचे नाव आले. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि तिच्यातून फंड, उपदान, औषधपाणी. ज्याला काल 'ए हमाल' म्हणून हाक मारीत, त्याला क्रमांक मिळाला, आणि क्रमांकाबरोबर म्हातारपण मिळाले. आज आपल्या पंचक्रोशीत भातखाचरे जाऊन गोदामे झाली. पण ठेकेदारामार्फत येणारे कितीतरी हात त्या वहीच्या बाहेर आहेत. चिटणीस आमच्याकडे पाहत आहेत; लेव्हीचा विषय आलाच, त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. पण तो आम्ही आणला नाही, मोटारीने आणला.

कोणी म्हणेल, ही जुनी दुखणी आहेत, प्रगत देशांत असे होत नाही. तर तेही ऐका. २०२५ च्या ऑगस्टअखेर याच जग्वार लँड रोव्हर कंपनीच्या संगणकांवर चोरट्यांनी हल्ला केला. ज्वाला नाही, धूर नाही, तरी इंग्लंडातले तिचे कारखाने महिनाभराहून अधिक काळ बंद पडले. ऑक्टोबरमध्ये ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. सर्वांत मोठा धाक कोणाला पडला? तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतल्या कामगारांना. त्यांच्यासाठी सरकारने वेतनाला हातभार लावावा, अशी मागणी तेथल्या युनाइट या कामगार संघटनेला करावी लागली. आग १९५७ ची असो वा २०२५ ची, ती लागली की पहिला प्रश्न हाच असतो, की तुमचे नाव कोणाच्या वहीत आहे?

आता शेवटची गोष्ट, आणि ती घरची आहे.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे आपल्या बोलीत माग. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. संप फुटला की हरला, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही; पण वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. ते आम्हांला घेऊन भिवंडीला आले आणि यंत्रमागावर लागले. पंधराव्या वर्षी आम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहिलो. आमच्या वडिलांना कान होते. चोवीस माग धडधडत असताना दारात उभे राहून ते सांगत, "सातव्याचा धोटा अडखळतोय, आता तार तुटेल." जाऊन पाहावे तो खरेच तार तुटलेली. ते कसे ओळखता असे विचारले तर म्हणत, "ऐकत राहा, येईल." आम्हांस ते कधी आले नाही. आम्ही भाषणे करायला लागलो.

पुढे धंदा बसला, तेव्हा अनेक माग भंगारात किलोच्या भावाने गेले. वडील काम करीत ते मागही गेले. ट्रकमध्ये लोखंड चढवताना वडील पाहत उभे होते. ते एवढेच म्हणाले, "लोखंडाचं काय, लोखंड पुन्हा ओतता येतं." त्या वेळी आम्हांस त्याचा अर्थ कळला नाही. कॉव्हेन्ट्रीच्या मोटारीने तो कळला. इंजिनाचा ठोकळा पुन्हा ओतता आला, साचा पुन्हा करता आला, कारण पत्र्याला हाताने फुगवटा देणारा माणूस अजून शिल्लक होता, आणि जुन्या मोटारींची डागडुजी करणाऱ्या कर्मशाळांतून ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात आलेली होती. तो माणूस नसता, तर वहीतले नऊ क्रमांक नुसते क्रमांक राहिले असते. म्हणून वही हवी, आणि वहीत नावाबरोबर कसबही हवे. आमचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना काय येत होते याची नोंद कोठेही नाही. आज ती प्रथमच होत आहे, या भाषणात.

आपले अंजूर हे नोंदीचे मोल जाणणारे गाव आहे. वसईच्या मोहिमेत गंगाजी नाईक अंजूरकरांनी जे केले, ते अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपण सांगतो, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. नाईकांचे नाव राहिले. त्यांच्याबरोबर खाडीतून होड्या हाकणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. त्याचा दोष आम्ही त्या काळाला देत नाही. पण या काळाला ती सबब नाही.

म्हणून टाळ्यांऐवजी आम्ही एक काम मागतो. येताना आम्ही दोनशे पानांची एक वही आणली आहे. ती या टेबलावर आहे. व्याख्यानमालेच्या मंडळींनी ती आपल्या वाचनालयात ठेवावी. गावात आणि गोदामांत काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो येथला असो वा उत्तरेकडून आलेला, तीत तीन गोष्टी लिहाव्यात: आपले पूर्ण नाव, आपला पत्ता आणि आपल्याला काय येते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या मुलांनी लिहावे. होडी बांधता येते, भात झोडता येतो, माग दुरुस्त करता येतो, शंभर किलोची गोण पाठ न मोडता उचलता येते, जे येते ते लिहावे. या वहीने कोणाला पगार मिळणार नाही, हे आम्हांस कळते. पण उद्या धूर निघालाच, तर चहावाल्याची उधारीची वही शोधत फिरावे लागणार नाही.

पहिले नाव आम्ही लिहून ठेवले आहे. ते वडिलांचे आहे. पत्त्याची जागा कोरी आहे. त्यापुढे लिहिले आहे: 'ऐकून माग ओळखत.'